फुकटचे संदर्भ आणि त्यांच्या खोडी : मुद्रितशोधकाच्या टेबलावरून

गेली बरीच वर्षे मी मुद्रितशोधनाचे काम करतो. जुलै उजाडला की दिवाळी अंकांचे मजकूर येऊ लागतात, आणि त्यातच एखाद्या शाळेची शताब्दी स्मरणिका, निवृत्त अधिकाऱ्याचे आत्मकथन, तालुक्याच्या इतिहासाचे पुस्तक अशी कामे मध्ये शिरतात. ऱ्हस्व-दीर्घ तपासणे हे या कामातले सोपे अंग आहे. दमछाक होते ती सनावळी, गावांची नावे, आडनावे आणि आकडे यांच्यापाशी. पूर्वी अशा शंकांची चिठ्ठी करून आठवड्यातून एकदा ग्रंथालय गाठावे लागे. आता बहुतेक शंका जालावरच्या मोफत संदर्भसाधनांवर तिथल्या तिथे फिटतात, निदान फिटल्यासारख्या वाटतात. ज्या साधनांवर माझे पोट अवलंबून आहे आणि ज्यांच्यासाठी मी एक पैसाही मोजलेला नाही, त्यांचे हे परीक्षण आहे.

आधी माझीच एक फजिती सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यातून निघाले आहे. एका स्मरणिकेत एका निवृत्त शिक्षकांनी शिवराज्याभिषेकाची तारीख १६ जून १६७४ अशी लिहिली होती. मी विकिपीडिया पाहिला, शासनाचे परिपत्रक आठवले आणि लाल शाईने १६ मधला १ खोडून टाकला. दुसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन आला. "अहो, तुम्ही माझी तारीख का बदललीत?" मी अदबीने म्हणालो, "सर, सगळीकडे ६ जूनच आहे." त्यावर ते म्हणाले, "सगळीकडे आहे, पण कोणत्या कालगणनेने आहे ते पाहिलंत का?" मी पाहिले नव्हते. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ हा दिवस एकच. इंग्रज त्या काळी जुनी ज्युलियन कालगणना पाळत असल्यामुळे, रायगडावर हजर असलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनच्या हिशेबाने तो ६ जून ठरतो, आणि पोर्तुगिजांनी १५८२ पासूनच स्वीकारलेल्या ग्रेगोरियन कालगणनेने तोच दिवस १६ जून होतो. इंग्रजांनी आपली दिनदर्शिका १७५२ साली बदलली, तोवर मुंबई आणि गोवा यांच्या कागदांत एकाच दिवसाच्या दोन तारखा नांदत होत्या. म्हणजे गुरुजी बरोबर होते, विकिपीडिया बरोबर होता, आणि दोघांच्या मध्ये लाल शाई घेऊन बसलेला मी तेवढा चुकलो होतो.

तेव्हापासून "हे संकेतस्थळ विश्वासार्ह आहे का?" असा सरसकट प्रश्न विचारणे मी सोडून दिले. प्रत्येक संदर्भाची एक ठरलेली खोड असते. एकाचे घड्याळ मागे असते, दुसऱ्याचे कुलूप कच्चे असते, तिसरा ऐकीव गोष्ट पाहिल्याच्या थाटात सांगतो. ज्याची खोड मला ठाऊक आहे तो संदर्भ मी बिनघोर वापरतो. ज्याची खोड कळायला काही मार्गच नाही, तो कितीही देखणा असला तरी उपयोगाचा नाही.

सुरुवात मराठी विश्वकोशापासून करणे भाग आहे, कारण दिवसातून सर्वाधिक वेळा मी तिथेच जातो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत हे काम उभे राहिले, पहिला खंड १९७६ साली आला आणि विसावा येईपर्यंत जवळजवळ चार दशके लोटली. हे सगळे खंड शासनाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. हजारो रुपयांचा आणि दोन फळ्या अडवणारा ऐवज खिशातल्या फोनवर यावा, याचे अप्रूप मला अजूनही ओसरलेले नाही. कोशाचा सर्वांत मोठा गुण नोंदीच्या तळाशी असतो. तिथे लेखकाचे नाव, आडनाव आधी घालून, छापलेले असते आणि बहुतेक मोठ्या नोंदींना त्याच्या वर संदर्भग्रंथांची यादी असते. जबाबदार कोण, हा प्रश्न तिथे विचारावाच लागत नाही. भाषा आखीव आहे, परिभाषा पारखून घेतलेली आहे, आणि एका नोंदीतून दुसरीकडे पाठवणारे बाण इतके नेमके आहेत की 'कालगणना' शोधायला गेलेला माणूस तासाभराने 'पंचांग' वाचत बसलेला सापडतो.

खोड आहे ती घड्याळाची. विश्वकोश हा एक ग्रंथ नसून चाळीस वर्षांच्या वेगवेगळ्या क्षणी थांबलेल्या वीस घड्याळांचा संच आहे, आणि जालावर ती सगळी एकाच भिंतीवर, एकाच टंकात टांगलेली दिसतात. छापील खंड हातात असताना कागदाचा पिवळेपणा, बांधणी आणि मुख्य म्हणजे सुरुवातीचे प्रकाशनवर्ष आपल्याला सावध करत असते. पडद्यावर १९७६ ची नोंद आणि २०१० नंतरची नोंद जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. सुरुवातीच्या खंडांतल्या गावांची लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची आहे. 'ग' हे अक्षर कोशात लवकर येऊन गेल्यामुळे गोवा तिथे दमण आणि दीव यांच्या सोबतीने केंद्रशासित प्रदेश म्हणून भेटतो, कारण गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला ३० मे १९८७ रोजी आणि तोवर तो खंड छापून वाचकांच्या घरी पोचलेला होता. ही कोशाची चूक नव्हे. ती नोंद ज्या दिवशी लिहिली गेली त्या दिवशी खरीच होती. पण आज तिथून वाक्य उचलून छापणाऱ्याच्या हातून मात्र ती चूक होते. म्हणून माझा नियम साधा आहे: न बदलणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे व्याख्या, जुना इतिहास, तत्त्वज्ञान, वनस्पतींची वर्णने यांसाठी विश्वकोश; आणि ज्या वाक्यात 'सध्या', 'आज' किंवा एखादा आकडा आला त्या वाक्यापुढे पेन्सिलीने बारीक फुली.

विश्वकोश मंडळाने पुढे ज्ञानमंडळांची योजना आखून नव्या नोंदी वेगळ्या संकेतस्थळावर देणे सुरू केले आहे. त्या नोंदींखाली लेखकाबरोबर समीक्षकाचेही नाव असते. एकाने लिहिले आणि दुसऱ्याने तपासले, हे नावानिशी सांगणारे मोफत साधन मराठीत विरळाच, त्यामुळे एखादा विषय जुन्या आणि नव्या अशा दोन्हीकडे मिळाला तर मी आधी नवी नोंद उघडतो.

विकिपीडियाची गोष्ट नेमकी उलटी. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, मराठी १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी. इथले घड्याळ बहुधा अचूक चालते. एखादा मंत्री बदलला की तासाभरात पान बदललेले असते. इथे कच्चे आहे ते कुलूप. कोण आले, काय ठेवून गेले आणि ते कुणी पाहिले, हे दरवेळी तपासावे लागते. विकिपीडियाची बाजू घेणारे लोक 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाने २००५ साली केलेल्या तुलनेचा हवाला हमखास देतात. तिच्यात विज्ञानाच्या ४२ विषयांवरचे लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले होते, आणि एका लेखामागे विकिपीडियात सुमारे चार तर 'ब्रिटानिका' या इंग्रजी ज्ञानकोशात सुमारे तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने त्या तुलनेच्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतले, तो वाद बाजूला ठेवू. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते: ती तुलना इंग्रजीची होती आणि विज्ञानाची होती. ज्या पानावर शेकडो जाणकारांची नजर असते त्याची पुण्याई, वर्षाकाठी पाच माणसे उघडत असतील अशा पानाच्या खात्यावर जमा करता येत नाही.

हे किती खरे आहे त्याचा पुरावा आपल्या अगदी शेजारचा, गोव्यातल्या डिचोलीचा आहे. जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'डिचोलीचा संघर्ष' या अर्थाच्या नावाने एक लेख आला. १६४० ते १६४१ या काळात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात झालेल्या युद्धाची ती हकिकत होती, सुमारे साडेचार हजार शब्दांची, तळटीपांसह सजवलेली. दोन महिन्यांत त्या लेखाला विकिपीडियाच्या अंतर्गत तपासणीत 'चांगला लेख' हा दर्जा मिळाला. असे युद्ध कधी झालेच नव्हते. ही गोष्ट उघडकीला येऊन लेख काढला जायला डिसेंबर २०१२ उजाडला, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ तो लेख 'चांगला' म्हणून मिरवत होता. लेखातले मुख्य संदर्भग्रंथ शोधू गेल्यावर ती पुस्तकेच अस्तित्वात नसल्याचे दिसून आले.

या प्रकरणाकडे मी पुनःपुन्हा वळतो, कारण ते पकडायला ग्रंथालय लागत नव्हते. शिवाजी महाराजांचा जन्म फेब्रुवारी १६३० मधला. १६४० साली ते जेमतेम दहा वर्षांचे होते. मराठा साम्राज्य तर दूरच, स्वराज्याचा पहिला किल्लाही तेव्हा हाती यायचा होता. सहावीतल्या मराठी मुलाने पहिल्याच वाक्याला हात वर केला असता. पण तपासणारे लोक तळटीपा आहेत का, परिच्छेद नीट पाडले आहेत का, भाषा तटस्थ आहे का एवढेच पाहत होते, आणि त्या सगळ्या परीक्षांत तो लेख उत्तम गुणांनी पास झाला. शिवाय त्याला एक खरा वास होता. डिचोली आणि मराठे यांचा संबंध मुळीच खोटा नाही. त्याच तालुक्यातल्या नार्वे गावी सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला. ठिकाण खरे, दोन्ही पक्ष खरे, शतक खरे, आणि मधले युद्ध तेवढे घरचे. पक्की बनावट गोष्ट अशीच शिजते, आणि म्हणूनच ज्या परिसराची आपल्याला जुजबी माहिती असते तिथेच आपण अधिक सहज फसतो.

या धड्यानंतर मी विकिपीडियाचे पान वरून खाली वाचण्याऐवजी मागून पुढे वाचू लागलो. आधी तळटीपा, मग त्यांतली निदान एक टीप उघडून ती खरोखर त्या वाक्याला आधार देते का ते पाहणे, मग 'इतिहास पहा' ही कळ दाबून पान शेवटचे कधी आणि किती जणांनी हाताळले ते पाहणे, मग 'चर्चा', आणि सर्वांत शेवटी मजकूर. पाच मिनिटे लागतात. ही सोय दुसऱ्या कोणत्याही कोशात नाही, आणि म्हणूनच कच्च्या कुलपासकट विकिपीडिया माझ्या मते प्रामाणिक साधन आहे: आपल्या घरात कोण कोण येऊन गेले त्याची वही तो दारातच ठेवतो. 'संदर्भ हवा' ही चार ठिकाणी चिकटवलेली पाटी वाचून नाक मुरडणारे लोक मला भेटतात. मला तर ती पाटी नसलेल्या गुळगुळीत पानांची जास्त धास्ती वाटते.

मराठी विकिपीडियाबद्दल वेगळे सांगायला हवे. लेखांची संख्या लाखाच्या आसपास गेली असली तरी त्यांत एका साच्यातून काढलेल्या गावांच्या पानांचा वाटा बराच आहे. अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे, २०११ च्या जनगणनेनुसार तिथे इतकी कुटुंबे आहेत, हे वाक्य गावोगाव फिरत असते. त्यातला जनगणनेचा आकडा सहसा बरोबर असतो, कारण तो जनगणनेच्या तक्त्यातूनच आलेला असतो. ग्रामदैवत, यात्रा, नावाची व्युत्पत्ती यांबद्दल पुढे कुणी भर घातली असेल तर ती मात्र त्या गावच्या अभिमानी सुपुत्राची असण्याचा संभव धरूनच वाचावी. चरित्रांच्या बाबतीत तर कुणाच्या नावापुढे विशेषणे किती आहेत ते मी मोजतो. तीनच्या वर गेली की ते पान तारखेसाठी वापरायचे नाही, असा माझा खाजगी कायदा आहे आणि तो अजून फसलेला नाही.

शब्दांच्या शंकेसाठी शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी' या संकेतस्थळाला तोड नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, दाते आणि कर्वे यांचा १९३२ ते १९५० या काळात प्रसिद्ध झालेला महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा १९९९ चा कोश, हे सगळे तिथे एकाच छपराखाली शोधता येतात. दाते-कर्वे कोशाचा मी भक्त आहे, कारण तो अर्थ सांगून थांबत नाही, तो शब्द कुणी कुठे वापरला त्याचा दाखला संक्षेपाने पुढे ठेवतो. 'ज्ञा' आणि पुढे आकडे दिसले की ज्ञानेश्वरीची ओवी काढून स्वतः खात्री करता येते. मोल्सवर्थ अर्थछटांच्या बाबतीत थक्क करतो, पण तो १८५७ सालचा माणूस आहे हे विसरता कामा नये. एक अडचण नवख्यांना हमखास येते. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी व्युत्पत्तीने सिद्ध न होणारे अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे आजच्या पद्धतीने 'नाही' किंवा 'काही' टंकून शोधणाऱ्याच्या हाती नीट काही लागत नाही आणि तो कोशालाच अपुरा म्हणून मोकळा होतो. तिथे 'नाहीं' आणि 'कांहीं' असेच विचारावे लागते. म्हाताऱ्या माणसाशी त्याच्याच भाषेत बोलावे, तसे.

केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश जालावर आहे आणि १९२० च्या दशकात तेवीस खंड रेटून नेणाऱ्या त्या माणसाच्या हिमतीला माझा दंडवत आहे. पण आकडे आणि विज्ञान यांसाठी तो आज कुणी उघडू नये. शंभर वर्षांपूर्वी मराठी वाचकाला जग कसे दिसत होते, हे पाहण्यासाठी जरूर उघडावा. कॅम्पबेलच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांचे, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या जिल्हावार माहितीग्रंथांचेही तेच. पुणे आणि सातारा जिल्ह्यांचे भाग १८८५ चे. घाट, बाजार, पिके, वजनमापे यांची त्यांतली नोंद आजही सोन्यासारखी, आणि जातींच्या स्वभावांची वर्णने साहेबी चष्म्यातली. पहिले घ्यावे, दुसरे घेताना ते कुणाचे मत आहे हे वाक्यातच लिहावे.

आता ज्यांच्याबद्दल मला एकही बरा शब्द सुचत नाही त्यांच्याकडे येतो. स्पर्धापरीक्षांच्या 'सामान्य ज्ञाना'ची आणि थोरांच्या 'संपूर्ण माहिती'ची संकेतस्थळे जालावर उदंड आहेत. एका स्थळाचे नाव न घेता सांगतो: तिथे एका समाजसुधारकांच्या जन्म आणि मृत्यूच्या सालांची अदलाबदल झाली होती, त्यामुळे ते मृत्यूनंतर जन्मल्याचे दिसत होते. मी संपर्काच्या रकान्यात नम्रपणे लिहून कळवले. उत्तर आले नाही. महिनाभराने तेच वाक्य, त्याच उलट्या सालांसह आणि त्याच एका चुकलेल्या वेलांटीसह, आणखी तीन ठिकाणी दिसले. वेलांटीने चोरी पकडून दिली. ती नसती तर 'चार स्वतंत्र स्रोत एकमताने सांगतात' असे मी समजलो असतो. एकमेकांची नक्कल करणारे चार साक्षीदार हा एकच साक्षीदार असतो, हे मुद्रितशोधकाला चुकलेल्या वेलांट्यांमुळे कळते. इतरांना ते कशामुळे कळावे, हे मला खरेच ठाऊक नाही. शोधयंत्रे हल्ली वरच्या चौकटीत जे तयार उत्तर मांडतात, तेही पुष्कळदा अशाच पाणवठ्यावरून भरून आणलेले असते. ती चौकट मी पत्त्यासारखी वापरतो: उत्तर कुठून आले ते पाहायचे आणि त्या घरी जायचे. पत्ताच दिलेला नसेल तर ती वाचायचीही नाही.

ही नक्कल उलटी फिरून मूळ चुकीलाच प्रमाणपत्र देते, तेव्हा तर कमाल होते. २००९ साली जर्मनीचे मंत्री गुटेनबर्ग यांच्या भल्या लांब नावात कुणीतरी जर्मन विकिपीडियावर 'विल्हेल्म' हे एक नाव गुपचूप वाढवले. वृत्तपत्रांनी ते नाव जसेच्या तसे छापले, आणि मग विकिपीडियात शंका निघाल्यावर त्याच वृत्तपत्रांची कात्रणे पुरावा म्हणून दाखवली गेली. त्यामुळे एखाद्या मजकुराला बातमीचा आधार दिलेला असेल, तर बातमीची तारीख आधीची की पानावरच्या त्या भरतीची आधीची, हे मी 'इतिहास पहा' मध्ये जाऊन ताडून घेतो. काम कंटाळवाणे आहे. स्मरणिकेच्या मानधनात ते बसत नाही.

चूक सापडल्यावर पुढे काय होते, हेही माझ्या लेखी साधनाच्या मोलात धरायला हवे. गेल्या वर्षी मराठी विकिपीडियावरच्या एका जुन्या संपादकाच्या पानावर, त्यांनी चालवलेल्या मासिकाचे आरंभवर्ष दोनाने चुकलेले दिसले. मी खाते उघडले, वर्ष बदलले, आणि मोठे पुण्यकर्म केल्याच्या समाधानात चहा ठेवला. चहा गाळून होईस्तोवर माझा बदल उलटवला गेला होता आणि माझ्या चर्चापानावर एका अनोळखी सदस्याची दोन ओळींची नम्र विचारणा येऊन पडली होती: बदलासाठी आभार, परंतु आपण संदर्भ दिलेला नाही, कृपया तो द्यावा. मी कपाटावरच्या धुळीतून त्या मासिकाचा पहिल्या वर्षाचा बांधीव खंड खाली काढला, मुखपृष्ठावरचे साल आणि अंक क्रमांक टंकला, आणि पुन्हा बदल जतन केला. या खेपेस तो राहिला.